हा पडदा मुलांना गप्प बसवतो

शाळेत स्मार्ट टीव्ही आला म्हणजे शाळा सुधारली, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की तिच्याविरुद्ध तोंड उघडणारा माणूस मागासलेला ठरतो. मला तसं ठरवायचं असेल तर खुशाल ठरवा. मी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करते आणि वर्गात मागे बसून ऐकत राहणं हा त्या कामाचा मोठा भाग आहे. मी ऐकलेल्या वर्गांपुरतं सांगते: पडदा सुरू झाला की मुलांचं बोलणं कमी होतं. शिक्षकाचंही कमी होतं. बोलतो तो व्हिडिओतला माणूस, आणि त्याला कुणीही प्रश्न विचारू शकत नाही.

सगळं ठरलेलं असतं. खिडक्या लावून घ्यायच्या, पट्ट्या ओळीत अंथरायच्या, उंच मुलं मागे. पेनड्राइव्ह जोडला की जलचक्राची रंगीत फिल्म सुरू होते आणि स्टुडिओतल्या गुळगुळीत मराठीत कुणीतरी बाष्पीभवन समजावून सांगू लागतं. शिक्षक रिमोट हातात धरून दाराशी उभे. फिल्म संपते. "समजलं का?" सगळ्या वर्गाचा एकच सूर, "होऽऽ." मग चार पर्यायांची चाचणी. पुढच्या ओळीतली दोन-तीन मुलं उत्तरं ओरडतात, पडद्यावर हिरवी खूण उमटते, टाळ्या वाजतात आणि त्याही यंत्रातूनच. फोटो निघतो, केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, लिंक भरली जाते. ढगात एवढं पाणी असेल तर ढग खाली का पडत नाही, असं जिच्या मनात आलं होतं त्या मुलीचा प्रश्न तिच्याजवळच राहतो. या तासाला 'डिजिटल अध्यापन' म्हणून कागदोपत्री पूर्ण गुण मिळतात.

याचं खापर शिक्षकांवर फोडायला मी तयार नाही. दोष साधनाच्या घडणीत आहे, आणि त्याहून जास्त ते साधन मागवणाऱ्यांच्या डोक्यात आहे. वर्गात माहिती पोचत नाही, ती पोचवणारा नळ हवा, एवढाच त्यांचा शिक्षणाचा अर्थ. मूल बोलता बोलता विचार करतं, दुसऱ्याला समजावताना त्याला स्वतःला समजतं, कुणी अडवलं की ते कारण शोधायला लागतं, हे त्यांच्या खरेदीच्या कागदात कुठेच येत नाही.

वर्गातल्या बोलण्याचा एक जुना साचा आहे. शिक्षक विचारतो, एक मूल दोन शब्दांत उत्तर देतं, शिक्षक 'शाब्बास' किंवा 'चूक' म्हणतो आणि पुढे सरकतो. सिंक्लेअर आणि कोल्टहार्ड यांनी १९७५ साली इंग्लंडमधल्या वर्गांचं बोलणं तपासून हा साचा मांडला. ह्यू मेहान यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या वर्गात तोच दाखवला. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली तेव्हा लक्षात आलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं तोंड उघडतात, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद! त्याला वीज लागत नाही, निविदा लागत नाही. आणि आपण काय विकत आणलं? उलट मोजणारं घड्याळ लावलेली प्रश्नमंजूषा. सगळ्यात आधी बटण दाबेल त्याला तारा. म्हणजे जो विचार करायला थांबेल तो हरेल, हा नियम यंत्रातच कोरून ठेवला. जुन्या साच्यातला सर्वांत वाईट भाग काढायचा सोडून त्यालाच आपण वीज जोडली.

इंग्लंडनं ही ठेच आपल्या आधी खाल्ली होती. तिथे २००० नंतर सरकारनं प्राथमिक शाळांत परस्परसंवादी फळे बसवण्यावर भरपूर पैसा ओतला. हार्डमन, स्मिथ, हिगिन्स या संशोधकांनी फळा असलेले आणि नसलेले तास शेजारी ठेवून पाहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दिसलं ते असं की फळ्यामुळे तासाचा वेग वाढला, गटकामाचा वेळ घटला आणि शिकवण्याचा मूळ साचा जागचा हलला नाही. हे सगळं छापून झालं होतं, कुणालाही वाचता येत होतं. त्यानंतर तेरा वर्षांनी, २०१९ साली, आपल्याकडे 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड'ची घोषणा झाली. त्याआधी २०११ साली 'आकाश' टॅबलेटचा गाजावाजा होऊन गेलेला. प्रत्येक वेळी उद्घाटनाची भाषणं फळ्यावर, टॅबलेटवर, 'सामग्री'वर. मुलं एकमेकांशी काय बोलतील, हा विषय कुठल्याच भाषणात आला नाही.

महाराष्ट्रात तर आपण त्याहून वाईट केलं. इथे मुलं गोलात बसायला लागली होती. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं असं मानणारा ज्ञानरचनावाद हा शब्द जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या तोंडी बसला. फरशीवर आकडे आणि अक्षरं रंगली, खडे-काड्या-मणी बाहेर आले, चार-पाच मुलं एकत्र बसून काहीतरी करू लागली. त्या सगळ्यात दिखावा नव्हता असं नाही, पण बसण्याची रचना मोडली होती, आणि वर्गात ती मोडणं फार अवघड असतं. त्याच सुमारास दुसरी लाट आली, डिजिटल शाळेची. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, ग्रामस्थांनी पदरमोड केली, शंभर टक्के डिजिटल तालुक्यांच्या बातम्या छापून आल्या. पडदा भिंतीवर असतो आणि तो सगळ्यांना दिसायला हवा. त्यामुळे गोल मोडले आणि मुलं पुन्हा ओळीत बसली. एकाच खात्यानं, एकाच काळात, एका हातानं मुलांना एकमेकांसमोर बसवलं आणि दुसऱ्या हातानं भिंतीकडे वळवलं. या विसंगतीवर एकाही आढावा बैठकीत कुणी बोट ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी यंत्राची शत्रू नाही. मुलांच्या बोलण्याला धरून बनवलेली डिजिटल साधनं जगात आहेत, जवळजवळ तीस वर्षांपासून आहेत, आणि त्यातली काही आपल्या देशात, आपल्या मुंबईत घडली आहेत. म्हणूनच माझा राग जास्त आहे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत संगणकाभोवती बसलेल्या मुलांचं बोलणं संशोधकांनी टिपलं. तिघंचौघं एका संगणकावर बसली म्हणजे सहकार्य होणारच, असा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात ऐकू काय आलं? एक तर भांडण, "मी दाबणार", "नाही, मी". नाहीतर एक जण ठरवतो आणि बाकीचे मान डोलावतात. कारण विचारणारं, कारण सांगणारं, दुसऱ्याचं ऐकून आपलं मत बदलणारं बोलणं फारच थोडं. नील मर्सर, रुपर्ट वेगरिफ, लिन डॉस यांचं पुढचं सगळं काम या निराशेतून उभं राहिलं. त्यांनी आधी यंत्र बाजूला ठेवलं आणि मुलांना बोलण्याचे नियम ठरवायला बसवलं: प्रत्येकाला विचारायचं, मत दिलं तर कारण द्यायचं, कारण दिलं नाही तर मागायचं, निर्णयाआधी सगळ्यांचं पटतंय का ते बघायचं. नियम वर्गाचे, वर्गानं केलेले, भिंतीवर लावलेले. मग यंत्र परत आणलं, पण बदलून.

वेगरिफ यांनी बनवलेलं 'केट्स चॉइस' हे सॉफ्टवेअर मला आजही या विषयातलं सर्वांत शहाणं काम वाटतं. गोष्ट साधी. केटच्या मित्रानं दुकानातून चॉकलेटचा डबा चोरला आहे, आजारी आईसाठी. तो केटला सांगतो आणि कुणाला न सांगण्याचं वचन घेतो. आता केटनं काय करावं? या ठिकाणी पडदा थांबतो. एकमेकांशी बोला आणि मग ठरवा, एवढंच तो म्हणतो. घड्याळ नाही, हिरवी खूण नाही, टाळ्या नाहीत. विचारणं आणि उत्तर देणं यांच्यामध्ये चर्चेसाठी जागा सोडलेली. मुलं भांडतात, पण कारणांनिशी: वचन मोठं की चोरी, आई आजारी असली म्हणून काय झालं, दुकानदाराचं काय. यंत्र निमित्त पुरवतं आणि वाट पाहतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला यासाठी फार मोठी अक्कल लागत नाही, पण आपलं उत्पादन काही मिनिटं गप्प राहिलं तरी चालेल एवढा धीर लागतो. आपल्या बाजारातल्या कुठल्या कंपनीकडे तो आहे? आणि त्या शाळांतली मुलं पुढे एकट्यानं सोडवायच्या तर्कपरीक्षेतही पुढे गेली, हे मुद्दाम सांगते, कारण 'चर्चा म्हणजे टाइमपास' म्हणणाऱ्यांना गुणांशिवाय काही कळत नाही.

आता घरचं बघू. आपल्या संगणक कक्षात काय चालतं हे पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: एक संगणक, पाच मुलं, माऊस एकाच्या हातात. तो बहुतेक वेळा धीट किंवा पुढारलेल्या घरातला मुलगा. मुली कडेला उभ्या. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये उदय सिंग पवार, जोयोजीत पाल, केंटारो तोयामा यांनी २००६च्या सुमारास हेच दृश्य ग्रामीण सरकारी शाळांत पाहिलं आणि स्वस्तातला उपाय काढला. एकाच संगणकाला अनेक माऊस आणि प्रत्येक मुलाला पडद्यावर आपल्या रंगाचा बाण. खरी गंमत पुढे आहे. त्यांनी दोन रचना करून पाहिल्या. एकीत जो आधी क्लिक करेल त्याच्या उत्तरावर खेळ पुढे सरकतो. दुसरीत सगळ्यांनी एकाच उत्तरावर क्लिक केल्याशिवाय तो हलतच नाही. पहिल्या रचनेत मुलं, त्यातही मुलग्यांचे गट, विचार न करता धडाधड बटणं दाबत सुटले. दुसऱ्या रचनेत त्यांना एकमेकांशी बोलणं भाग पडलं, आणि त्या गटातली मुलं संगणक एकट्याला मिळालेल्या मुलांइतकंच शिकली. यंत्र तेच, माऊस तेवढेच, मुलं तशीच. नियमाची एक ओळ बदलली. साधनाची घडण म्हणजे काय, हे याहून स्वच्छ मला दाखवता येणार नाही. हा प्रयोग जगभरच्या परिषदांत वाखाणला गेला. आपल्या जिल्ह्यातल्या संगणक कक्षात माऊस आजही एकाच्याच हातात आहे.

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या छोट्याशा शाळेत २००७ साली मुलांच्या हाती ते प्रसिद्ध हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय उपक्रमातून. देशातली ती पहिली शाळा. त्या यंत्रातल्या 'शुगर' प्रणालीत एक गोष्ट मुळापासून होती. इंटरनेट नसतानाही यंत्रं आपापसांत जोडली जायची, शेजारच्या मुलांची चिन्हं पडद्यावर दिसायची आणि दोघांतिघांना एकाच लिखाणात, एकाच चित्रात हात घालता यायचा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनी तिथल्या मुलांचं शिकणं जवळून पाहिलं. मी त्या उपक्रमाची भक्त नाही. पेरू देशात तेच लॅपटॉप लाखोंनी वाटले गेले आणि २०१२ साली समोर आलेल्या अभ्यासात गणितात किंवा भाषेत फरक सापडला नाही. यंत्रं फेकून शिक्षण होत नाही. पण मुलांच्या यंत्रांनी आपापसांत बोलावं ही जी कल्पना होती ती तरी उचलायची! आपण उचलली ती यंत्रं वाटण्याची हौस.

त्याच मानखुर्दच्या केंद्रातलं काम आणि शेजारी देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं काम एकत्र येऊन पुढे 'क्लिक्स' हा उपक्रम उभा राहिला, एमआयटी आणि टाटा ट्रस्टच्या साथीनं. माध्यमिक शाळांसाठी, शाळेतल्याच सर्व्हरवर, इंटरनेटशिवाय चालणारा. मुलांनी जोडीनं बसायचं, जोडीनं नोंद करून आत शिरायचं, बोलत बोलत भूमितीची कोडी सोडवायची. युनेस्कोनं त्याला २०१७ सालचा किंग हमाद पुरस्कार दिला. हा उपक्रम ज्या चार राज्यांत राबवला गेला ती राज्यं अशी: राजस्थान, छत्तीसगढ, तेलंगणा आणि मिझोराम. मुंबईत घडलेलं साधन मिझोरामच्या डोंगरात पोचलं, मुंबईहून दोन तासांवरच्या शहापुरात नाही. शिक्षण खात्यात बसलेल्या ज्या कुणाला याची लाज वाटत नसेल त्यानं निदान कारण तरी सांगावं.

सध्या या दिशेनं जे चाललंय त्यात मला ऑस्लो विद्यापीठातलं 'टॉकवॉल' सर्वांत कामाचं वाटतं. केंब्रिजच्या मंडळींबरोबर नॉर्वे आणि इंग्लंडच्या शाळांत त्यावर काम झालं. शिक्षक एक प्रश्न टाकतात. प्रत्येक गटाकडे एकच यंत्र. गटानं बोलून, पटवून, एक-दोन वाक्यांत आपलं म्हणणं लिहायचं. ते सगळ्यांच्या समाईक यादीत दिसतं. मग प्रत्येक गट त्या यादीतून दुसऱ्यांची वाक्यं निवडून आपल्या भिंतीवर लावतो, हलवतो, जवळ-लांब ठेवतो, सुधारतो. शेवटी शिक्षक एखाद्या गटाची भिंत मोठ्या पडद्यावर आणतात आणि विचारतात: हे वाक्य तुम्ही का घेतलं? ते का सोडलं? पडदा तोच आहे, जो आपल्याकडे जलचक्राची फिल्म दाखवतो. तिथे त्यावर मुलांचे शब्द आहेत. आणि ज्या वर्गात बोलण्याचे नियम आधी रुजलेले नव्हते तिथे या साधनानं काही जादू केली असा दावा त्याचे निर्मातेही करत नाहीत. हा प्रामाणिकपणा आपल्या विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात शोधून सापडणार नाही.

जसंच्या तसं ते आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही. ते इंटरनेटवर चालतं. आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळेत पावसाळ्यात वीज टिकत नाही, तिथे रेंज कुठली. ते लिहायला लावतं. देवनागरी कळफलकावर जोडाक्षर शोधता शोधता पाचवीच्या मुलाचा विचार निसटतो. त्याहून मोठी गोष्ट: मेळघाटातलं मूल कोरकूत विचार करतं, तलासरीतलं वारलीत, धडगावातलं पावरीत. त्याला आधी प्रमाण मराठीत लिही आणि मग तुझं मत मोज, असं म्हणणारं साधन त्याला दारातच अडवतं. म्हणून आपलं साधन आवाज घेणारं हवं. गटानं वीस सेकंदांत आपल्या बोलीत म्हणणं सांगावं, हवं तर चित्र काढून त्याचा फोटो टाकावा, आणि ते शाळेतल्याच एका छोट्या सर्व्हरवरून सगळ्या गटांना ऐकू-दिसावं. आवाजाचं लिखाण करून देणारी यंत्रं शहरी, पुस्तकी मराठीवर पोसलेली आहेत. 'व्हतं'चं 'होतं' करून ती मुलाचं बोलणं दुरुस्त करणार असतील तर ती नकोत. आवाज आहे तसा राहू द्या. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तिथे शिक्षक एका गटाशी बोलत असताना दुसऱ्याचं म्हणणं नंतर ऐकता येणं, हा तर वरदानासारखा फायदा. यातलं काहीही अवघड तंत्र नाही. पुण्यातली चार हुशार पोरं काही महिन्यांत हे उभं करतील. त्यांना कुणी सांगितलं पाहिजे की हे हवं आहे. सांगणार कोण? ज्यांनी वर्ग ऐकलेला नाही ते?

"आमची मुलं बोलतच नाहीत हो मॅडम." हे वाक्य मला प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवलं जातं आणि दर वेळी माझा संताप होतो. एका शाळेत पाचवीच्या तासाला शिक्षिकेनं पाण्याच्या ग्लासात मीठ टाकलं, ढवळलं आणि विचारलं, मीठ गेलं कुठे? आणि गप्प राहिल्या. एक मुलगा म्हणाला, पाण्यानं खाल्लं. एक म्हणाली, खाल्लं तर चव कशी लागते? तिसरं म्हणालं, ते बारीक बारीक होऊन लपलंय. मग वाद पेटला की ग्लास आता जड झाला का. काही म्हणाली, मीठ दिसत नाही म्हणजे वजनही नाही. एक पोरगी हट्टाला पेटली की लपलेला माणूस घरात असला तर घरात माणसं तेवढीच राहतात. शेवटी वाण्याकडून तराजू आणायला दोन पोरं धावली. ही 'न बोलणारी' मुलं. त्या तासाला कुठलंही यंत्र नव्हतं. पण नीट बनवलेलं यंत्र असतं, तर त्या हट्टी पोरीचं म्हणणं शेजारच्या शाळेतल्या पाचवीला ऐकवता आलं असतं आणि तिकडून आक्षेप आला असता. "पाण्यानं खाल्लं" म्हणणाऱ्याला महिन्याभरानं आपलंच वाक्य ऐकून त्यात काय बदलायचं ते ठरवता आलं असतं. साधनाचं काम इथून सुरू होतं, बाष्पीभवनाच्या फिल्मपासून नाही.

"पोर्शन कधी संपवायचा?" हा दुसरा आक्षेप. पोर्शन शिक्षकाचा संपतो, मुलांचा तो सुरूच झालेला नसतो. तरी मी या आक्षेपाला शिक्षकांचा खोटेपणा म्हणत नाही, कारण वरून त्यांना विचारलं जातं ते तेवढंच. शाळांची माहिती भरून घेणाऱ्या यूडायसच्या फॉर्मात संगणक किती, चालू किती, इंटरनेट आहे का, डिजिटल फळा आहे का, याचे रकाने आहेत. या साधनांवर मुलं काय करतात, किती मुलं बोलतात, याचा रकाना नाही. ज्याचा रकाना नाही त्याच्यासाठी पैसा नाही, वेळ नाही, केंद्रप्रमुखाची भेट नाही. मग विकणाऱ्याला काय दोष द्यायचा? इंच, रॅम, वॉरंटी आणि 'पाठांची संख्या' विचारली जाते, तो इंच, रॅम, वॉरंटी आणि पाठांची संख्या विकतो. 'परस्परसंवादी' हे विशेषण फुकट चिकटवतो. बोटानं पडद्यावर रेघ ओढता आली की त्याच्या लेखी परस्परसंवाद झाला. मुलाचा काचेशी!

आता याच माणसांच्या पिशवीत नवा माल आला आहे: प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र कृत्रिम बुद्धीचा शिक्षक. मूल विचारेल, यंत्र न थकता उत्तर देईल. मला त्याची भीती वाटते आणि ती मी लपवणार नाही. कानात हेडफोन घालून प्रत्येक मूल आपापल्या यंत्राशी बोलत बसलंय, असा वर्ग डोळ्यांपुढे आणा. शेजारच्या मुलाचं चुकीचं, अर्धवट, हट्टी म्हणणं ऐकून घेण्याची गरजच उरली नाही. वेगळ्या जातीच्या, वेगळ्या बोलीच्या, वेगळ्या घरातल्या मुलाशी चर्चा करून एका निर्णयावर यायचं, ही गोष्ट मुलांना शिकायला मिळणारी गावातली जवळजवळ एकमेव जागा शाळा आहे. तीही मोडायची? कृत्रिम बुद्धी आणायचीच असेल तर तिला गटात बसवा. गटाचं एकमत फार लवकर झालं की तिनं विचारावं, याउलट कुणाला वाटतं का? आणि मग गप्प बसावं.

सगळ्यात स्वस्त साधन तर शिक्षकांच्या खिशातच आहे. इंग्लंडमध्ये रॉबिन अलेक्झांडर यांच्या संवादी अध्यापनाच्या पद्धतीची मोठी चाचणी झाली. तिचा २०१७ साली आलेला अहवाल सांगतो की त्या वर्गांतली मुलं इंग्रजी आणि विज्ञानात साधारण दोन महिने आणि गणितात एक महिना पुढे गेली. तिथे शिक्षकांनी वापरलेलं महत्त्वाचं साधन कोणतं? आपल्याच तासाचं मुद्रण. स्वतःचा तास पुन्हा ऐकायचा, सहकाऱ्याबरोबर बसून बोलायचं, पुढच्या तासाला एक गोष्ट बदलायची. आपल्याकडे केंद्रात शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकं वाचली जातात, लिंका भरल्या का ते विचारलं जातं, चहा होतो. त्याऐवजी दर वेळी एका शिक्षकानं, स्वखुशीनं, आपल्या तासाची पाच मिनिटं मोबाईलवरून ऐकवावी. मुलांची नावं बाहेर जाऊ नयेत, मुद्रण वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवायची सक्ती नसावी, त्यावर गुण-शेरे नसावेत. प्रश्नानंतर मी किती थांबलो, सगळ्यात लांब वाक्य कुणाचं, कोणती मुलं एकदाही बोलली नाहीत, एवढंच ऐकायचं. ज्या दिवशी हे मुद्रणसुद्धा अपलोड करून फोटोसह अहवाल मागवला जाईल त्या दिवशी तेही मेलं समजा, हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण आपल्या खात्याचा हात जिथे लागतो तिथे लिंक उगवते.

आणि तरीही पडदे घ्यायचेच असतील, लोकवर्गणीतून किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून, तर निविदेतली एक अट बदला. कंपनीनं आपल्या मालाचं सादरीकरण जिल्हा परिषदेच्या वातानुकूलित सभागृहात करायचं नाही. तालुक्यातली एक द्विशिक्षकी शाळा खात्यानं आदल्या दिवशी संध्याकाळी कळवावी. कंपनीच्या माणसानं नव्हे, त्या शाळेच्या बाईंनी किंवा गुरुजींनी ते साधन वापरून एक पूर्ण तास घ्यावा. खोलीत साधा रेकॉर्डर ठेवावा. खरेदी समितीच्या प्रत्येक सदस्यानं ते मुद्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं आणि त्यात किती मुलांचा आवाज आहे, त्यातली किती वाक्यं 'कारण' किंवा 'पण'नं सुरू झाली, हे आपल्या हस्ताक्षरात लिहून मगच खाली सही करावी.